गुंजभर

बाबा विचारतात, सोनं कुठाय.
मी बाटली खिडकीशी धरते.
हे तर आमसुलाचं पाणी, म्हणतात,
आणि काचेच्या बुडाशी बोट नेतात.
चाळीस वर्षं पाटीच्या काठावर फिरलेलं बोट.

राजापूरच्या सोनारांची धूळ विकत घ्यायचे ते.
झाडून, धुऊन, खळबळून
दिवाळीपर्यंत काढायचे गुंज, दीड गुंज.
माझ्या फीच्या पावत्या त्या धुळीतल्या.

मी सांगते, एवढं बारीक केलंय
की पिवळं राहणं त्याला जमत नाही.
उजेडातलं हिरवं तेवढं गिळतं,
लाल आपल्याकडे पाठवतं.
गिळलेल्या हिरव्यानं कणाकणात कालवाकालव होते,
शेजारच्या पाण्याची गाठ सैल पडते,
हायड्रोजन सुटून वर येतो.

"मग सोन्याचं काय होतं?"
काही नाही. होतं तेवढंच राहतं.
ते चष्मा काढून माझ्याकडे बघतात.
सगळी हयात घट मोजण्यात गेलेला माणूस.

दिवा लावते.
काळबादेवीच्या काळ्या वाळूत जो धातू असतो
त्याचीच पांढरी भुकटी, भुकटीवर सोनं,
आणि पाण्याला थोडी लाच,
मेथॅनॉलचे चार थेंब.
खालून कॅन्टीनच्या कपबशांचा आवाज येत राहतो.
एक बुडबुडा.
मोहरीएवढा.
बराच वेळ दुसरा नाही.

"ह्यावर गाडी चालायची?"
आज चहासुद्धा उकळायचा नाही, म्हणते.

तरी मला दाखवायचा सोस.
उरलेल्या लाल पाण्यात भाट्याच्या खाडीचं पाणी ओतते,
कारण समुद्र फुकट आहे
आणि अनुदानाच्या अर्जात मी तसं लिहून बसलेय.
मीठ लागतं. लाल जांभळं पडतं,
मग राखाडी,
मग वर नुसतं पाणी आणि तळाला मळ.
पावसाळाभराची मेहनत.

बेसिनवर बाटली वाकडी केली तेव्हा
मागून आवाज, धंद्यातला:
"ओतू नको गो."
रुमालात बाटली उभी बांधून
ते साडेपाचच्या एसटीनं गेले.

शनिवारी कंडक्टरच्या हाती डबा आला.
घावन, लसणाची चटणी,
आणि कागदाच्या पुडीत
टाकणखार घालून, फुंकणीनं फुंकून आटवलेला
एक पिवळा ठिपका.
पुडीवर पेन्सिलीनं वजन.

वहीशी ताडून बघते.
एक तांदूळ कमी.
तेवढा मी आधीच ओतला होता.