गाठी

आयुष्यभर गाठीच मारल्या रेझाफीनं,
जाळ्याच्या, शिडाच्या, नांगराच्या.
सोडवायची वेळ आली ती सत्तरीत,
लेक रेयुनियनला कामाला निघाली
आणि तिचं पांढरं गाठोडं त्याच्या मांडीवर राहिलं.

'रोज विंचर, बाबा.
एक दिवस चुकलास तर कानामागे जट होते.'

जातीचं नाव कापसावरून पडलंय म्हणे.
पण कापूस चावत नाही.

आठवडाभर दोघंही चिडलेले.
मग त्यानं कंगवा ठेवून दिला
आणि अंधारात जाळं चाचपतात
तशी बोटं घातली केसांत.
आधी टोक, मग मूळ.
ओढायचं नाही.
पंज्यांतून निघाला शिंपल्यांचा चुरा,
पोटाखालून तोलियाराची अर्धी वाळू.
डोळ्यांखालचा तांबूस ओघळ
कोमट पाण्याच्या फडक्यानं, रोज,
तरी उद्या आहेच.

रविवारी फोन येतो. 'कसा आहे?'
कुत्र्याचंच विचारते आहे
असं तो धरून चालतो.
'बरा आहे. डाव्या कानामागे एक राहिलीय.'
'मग काप ना.'

लाटेचा आवाज तिकडेही येत असेल.

'बघतो,' म्हणतो रेझाफी,
आणि कात्री
खिडकीच्या वरच्या फळीवर सरकवतो,
हात पुरणार नाही अशी.