ऐंशी ग्रॅम

कागद गिरणी बंद पडून दोन हिवाळे झाले,
तरी गावाला तो आंबूस वास येतोच,
की नाकाची नुसती सवय, कळत नाही.

मला हेल्सिंकीहून पाठवलंय, मेअखेरपर्यंत.
वाचनालयाच्या वरच्या खोलीत बारा खुर्च्या,
कॉफीचा थर्मास, आणि फळ्यावर माझ्याच अक्षरात :
‘तुमची तीन बलस्थानं लिहा.’

ताइस्तो फॉर्म वाचत नाही.
अंगठा आणि तर्जनीत धरून चोळतो,
दिव्यासमोर धरतो,
कानापाशी नेऊन एकदा झटकतो.
‘ऐंशी ग्रॅम,’ म्हणतो. ‘आपला नव्हे.
निलगिरीचा लगदा. दक्षिणेकडून बोटीनं आलेला.’
मागच्या खुर्चीवरून रायली हसते.
एकोणीस वर्षं याच्याच मशीनवर
तिची रात्रपाळी होती.

सकाळी रेडिओवर मंत्री म्हणाले, आकडा उतरतोय.
उतरतोय खरा.
कोर्सला बसलेला माणूस बेकारांत धरत नाहीत.
बारा खुर्च्या, बारा वजा.
थर्मासपाशी उभी मी, तेरावी.

दुपारी कागद गोळा करते.
ताइस्तोची एकच ओळ :
‘रोल फाटायच्या आधी मशीनचा आवाज बदलतो. मला ऐकू येतो.’
कॉम्प्युटरमध्ये यासाठी रकाना नाही.
यादी खाली खाली सरकवते,
वेल्डर, वाहनचालक, वृद्धसेवा,
आणि ‘इतर’वर टिचकी मारते.

जिन्यापर्यंत जाऊन तो परत येतो.
‘कोरे फॉर्म उरलेत का?
सौना पेटवायला.
खडूची भुकटी फार आहे यात, धड जळणार नाहीत.
पण द्या.’