सकाळी एक, रात्री एक

पाकिटावर मी पेनाने सूर्य काढते,
खाली चंद्रकोर.
वाचता न येणाऱ्यांसाठी सुरू केलं होतं,
आता सगळेच मागतात.

हरिबा पार्टे, वय अठ्ठावन्न,
कोपरखैरणे, सेक्टर पाच, माथाड्यांची बैठी घरं.
वाशीच्या मार्केटात रात्रभर कोबीच्या गोण्या.
त्याआधी, पोरवयात, मशीद बंदरला साखर वाहिली.
“पाठीवरची उतरवली ताई, रक्तातली ऱ्हायली.”
हा विनोद ते दर महिन्याला करतात
आणि मी दर महिन्याला हसते,
बिल फाडता फाडता.

त्यांच्या फोनमध्ये अ‍ॅप मीच घातलं.
सकाळी आठ, रात्री आठ: टुंग.
गोळी घेतली का? हो. नाही.
माझ्या स्क्रीनवर त्यांचा अख्खा महिना
मेथीच्या जुडीसारखा हिरवागार.

पण तीस दिवसांच्या गोळ्या
त्रेचाळीस दिवस पुरल्या.

“मग ‘हो’ कशाला दाबता?”
“गप बसावं म्हणून.
आठला मी नुकता पडलेला असतो.
कोंबड्याची मान मुरगळावी तसं दाबतो.”

मग बराच वेळ ते
काचेखालच्या खोकल्याच्या गोळ्या बघत राहिले.
दुकानात डायपर घेणारी एक बाई होती.
ती गेली.

“रात्रीची घेतली की तीनला हात लटलटत्यात.
पाठीवर गोणी.
परवा गुडघं वाकलं.
सावरलं, पण मुकादमानं बघितलं.
ह्या वयात
मुकादमानं बघाय नको, ताई.”

त्यांची सकाळ दुपारी एकला होते.
एवढं साधं
मी, डॉक्टर, अ‍ॅप बनवणारी पोरं,
कुणीच विचारलं नव्हतं.
मी तर रोज त्यांच्यासाठी सूर्य काढत होते.

डॉक्टरांना फोन लावला, त्यांच्यासमोर, स्पीकरवर.
रात्रीची बंद. दुसरी लिहून दिली,
दुपारी एकला, ताटावर बसल्यावर.
आणि खिशात खडीसाखर, लटलटलंच तर.
“म्हंजे साखर पुन्हा माझ्याकडंच वाहायला.”
हा विनोद नवा होता.

चंद्रावर फुली मारली.
गजर एकचा लावला,
नीट वाजतो का बघायला माझ्याही फोनवर लावला,
तो काढायचा राहून गेला.

चैत्रात स्क्रीन लाल झाली.
एक दिवस. चार. नऊ.
संपर्क क्षेत्राच्या बाहेर, म्हणत राहिली ती बाई.
शटर अर्धं ओढून मी डबा उघडायची
आणि फोन विचारायचा,
गोळी घेतली का?
भाजीत मीठ आहे की नाही
ते त्या दिवसांत मला आठवत नाही.

दहाव्या दिवशी आले, कानामागे गुलाल.
गावची जत्रा, कोयनेच्या पाण्यापलीकडं,
तिथं रेंज कुठली.
काउंटरवर स्ट्रिप ठेवली.
“मोजा.”

नऊ घरं फुटलेली,
चंदेरी कागद फाटून वर आलेला.
दहावी शाबूत.
मी मान वर केली.
“आवो, साडेबाराच झालेत,” ते म्हणाले.

स्क्रीन अजून लालच आहे.
मागच्या तारखांना जाऊन ‘हो’ दाबता येत नाही तिच्यात,
मी कंपनीला तीनदा कळवलंय.
त्यांच्याकडं पिशवीत भाकरी होती.
औषधांचा खोका उलटा करून मी त्यांना बसायला दिला.
एकला दोन्ही फोन वाजले,
त्यांचा थोडा आधी.