ओ

माझे जुने फ्लॅश नजरेवर चालायचे.
समोर उजेड दिसला की हेही पेटायचे.
तार नाही, रेडिओ नाही, स्वस्तात काम,
पण लाजही नाही.
कुणीही डोळा मारावा
आणि यांनी भुलावं.

बान्तामातल्या त्या शनिवारी
मांडवाखाली काळ्या-लाल कापडांची दाटी,
माइकवर देणग्यांची नावं संपता संपेनात,
आणि ताचिवाआजी उठली,
धाकट्या बहिणीच्या मयताला अडोवा नाचायला.
पावलं जेमतेम हलली.
मनगट मात्र वळलं.
मी बटण दाबलं.
दोन्ही दिवे गप्प.
क्षणभर आधी कुणाच्या तरी भाच्यानं
नव्या कॅमेऱ्यानं जोलोफच्या ताटाचा फोटो काढला होता,
आणि माझे दिवे त्या ताटावर खर्च होऊन
दम खात उभे होते.

आजीच्या फोटोत आला
काळोख, आणि एक अंगठी.
तिनं तोही विकत घेतला.
म्हणाली, "हात माझाच आहे ना."

सोमवारी आडुमला गेले.
ओबिरीनं काउंटरवर डबे मांडले, सोयरिकीला मुलं मांडावीत तसे.
हा घे, स्वतःच मोजतो किती उजेड हवा ते.
नको. इतकं काळं कापड पाहून तो बिचकेल,
आणि चेहऱ्यांवर चुना फासेल.
मग हा, चार्ज केला की दोन दिवस बघायला नको.
चार्ज? ओबिरी, तू राहतोस कुठल्या गावात?
मग हा.
पेन्सिल सेलवर चालतो, दिसायला साबणाची वडी,
अक्कल शून्य, सोळा चॅनल.

बाडूला पिटाळलं रस्त्यावर, फ्लॅश डोक्यावर धरून.
(घरातला दहावा, म्हणून बाडू.
गर्दीत हरवायची त्याला जन्मापासून सवय.)
तळलेल्या कंदवालीपाशी गेला. दाबलं. ओ.
दोन ट्रोट्रोंच्या फटीत. ओ.
सिमेंटच्या ट्रकमागे, जिथे तो मला दिसतही नव्हता,
दाबलं,
आणि ट्रकच्या कडेनं पांढरी रेघ उमटली.
ओबिरी किंमत सांगत होता.
मी ऐकत नव्हते.

पहिल्याच शनिवारी फजिती.
गल्लीच्या पलीकडे दुसरं मयत, दुसरा मांडव,
आणि तिथला फोटोवाला अजापाँग
शिव्या देत माझ्याकडे धावत आला:
त्याची छत्री आपोआप लखलखत होती,
मेलेल्याच्या थोरल्या मुलाला वाटलं, बाप काही सांगतोय.
दोघांचे डबे एकाच कारखान्याचे.
दोघेही चॅनल एकवर.
बदलायचं असतं हे
ना ओबिरीनं सांगितलं, ना आम्ही विचारलं.
"तू चार घे," तो म्हणाला, "मी अकरा."
म्हटलं, अकरा का?
"माझी पोरं अकरा."

त्यानंतर वर्षभर ज्याची हाक, त्यालाच ओ.

मग तो नोव्हेंबर. पुन्हा शेजारी-शेजारी मांडव.
संध्याकाळी वीज गेली.
डमसोर म्हणतात आमच्याकडे: विझव-लाव,
पण त्या रात्री नुसतंच विझव.
जनरेटर खोकला आणि बसला.
चारशे माणसं, शेकडो खुर्च्या, उघडं गटार,
आणि मध्येच कुठेतरी एक म्हातारा,
"माझी काठी, माझी काठी."

पलीकडून अजापाँग ओरडला, "अकरावर ये!"
मी चाचपडत बटणं मोजली.
दाबलं.
त्याचे दोन, माझे दोन, चारी एकदम.
खुर्च्या दिसल्या. गेल्या.
दाबलं. गटार. दाबलं. काठी
खुर्चीखाली पडलेली.
म्हातारा एकेका उजेडात एकेक पाऊल टाकत
निघाला,
आणि दोन उजेडांच्या मध्ये
थांबून राहायचा, पुढच्याची वाट बघत.

त्या सगळ्याचे फोटो आहेत माझ्याकडे. एकूण बासष्ट.
एकही विकला गेला नाही:
कुणी वाकलेलं, कुणी अर्धं कापलेलं,
आणि सावल्या दोन्ही बाजूंना.

सकाळी मी परत चारवर आले.
बहुतेक.
बाडू म्हणतो, अजून कधीकधी
आपल्या मांडवात कुणी दाबलेलं नसताना
दिवा पेटतो.