भेट आणू नये

वडगावातल्या आमच्या बोळात
सकाळी सातला माग सुरू होतात,
मग बोलायचं ते ओरडूनच.
म्हणून संचितानं कार्ड माझ्या नाकासमोर धरलं:
भूमिकाचा बड्डे, शनिवारी, हिंदवाडीत, हॉलवर.
मी कांड्या भरत होते.
मान हलवली, आणि हिशोब सुरू झाला.

शाळेच्या फाटकाशी दर ठरलाय.
कुणी ठरवला, कधी, कुणालाच माहीत नाही;
भाजीचा दर तरी पाटीवर असतो.
"दोनशेच्या खाली बरं दिसत न्हाई ओ,"
तनुजाची आई म्हणाली, स्कूटीवरून न उतरता.
दोनशे म्हणजे यांच्या दोन साड्यांची मजुरी.
यांना विचारलं तर धोट्यावरची नजर न काढता म्हणाले,
"दे की. पोरीचं मन हाय."
मन हाय, खरं.
जूनपासून हे पाचवं मन.

पांगुळ गल्लीत
कंपासपेटी एकशे दहा.
हुबेहूब तशीच, पण झाकणावर परी असलेली, एकशे ऐंशी.
सत्तर रुपयांची परी.
संचितानं परीवर बोट ठेवलं, माझ्याकडं बघितलं
आणि बोट काढून घेतलं.
तिनं काढलं नसतं, तर मी नको म्हटलं असतं.
परी घेतली. चमकीचा कागद वीस.
घरी किमतीचं लेबल नखानं खरवडताना
वाटलं, राहू दे की अर्धं,
दिसू दे निदान एकशे ऐं...
मग सगळंच काढलं. लाज वाटली.

हॉलवरून ती आली ती पिशवी घेऊनच.
रिटर्न गिफ्ट: स्टीलची बाटली,
मी दुकानात बघून ठेवलेली, अडीचशेची.
म्हणजे पन्नास आम्हीच देणं लागतो.
"फायदाच झाला की गं," हे म्हणाले.
फायदा कसला!
रात्रभर ती बाटली मांडणीवरून माझ्याकडं बघत होती.

म्हणून दिवाळीनंतर संचिताचा आला तेव्हा
वहीची पानं कापून बारा कार्डं केली,
खाली ठळक लिहिलं: भेट आणू नये.
शेजारच्या नागवेणीअक्कांनी त्याखाली कानडीत लिहून दिलं,
उडुगोरे बेड.
वर म्हणाल्या, "कोण वाचतंय म्हणून."

बारातले अकरा पुडकं घेऊन आले.
"लिवायचं असतंय ओ तसं," तनुजाची आई.
कॉटवर चमकीचा ढीग,
पंख्याच्या वाऱ्यानं चरचरणारा.
सगळ्यात शेवटी वीरेश,
बैलहोंगलहून बदलून आलेल्या कंडक्टरचा मुलगा,
ओल्या केसांचा भांग, शर्टाची गळ्याजवळची गुंडीही लावलेली.
उंबऱ्यात थांबला. ढीग बघितला.
स्वतःचे दोन्ही हात बघितले, पाठीमागं नेले.
मग खिशातून कार्ड काढून उलगडलं,
बोट ठेवलं त्या एका ओळीवर:
"आंटी, इल्ली बरदीरल्ल..."

माझं कानडी बाजारापुरतं.
एष्टु. जास्ती आयतु. बेड.
घासाघीस करायला पुरतं,
अशा पोराला काही सांगायला नाही.
"हौदु," म्हटलं. "बा. बा."
आणि आत जाऊन ढिगावर साडी पसरली,
मागावरून कालच उतरलेली, अजून घडी न घातलेली.
पोरं केकभोवती होती, कुणी बघितलं नाही.
त्यानं बघितलं.
नंतर कुंदा दोनदा मागून खाल्ला.

जाताना बोळाच्या तोंडाशी वळून
संचिताला काहीतरी ओरडला.
पलीकडच्या घरात माग चालू होता, मला ऐकू आलं नाही.
"काय म्हणाला गं?"
"त्याचा मार्चात हाय, म्हणे. यायलाच पायजे, म्हणे."
मार्चात.
आणि माझ्या डोक्यात, गप्प बस म्हटलं तरी,
कांडी फिरायला लागली.