घासायची जागा सोडून

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, एप्रिलच्या दुपारी,
आमचा पत्रा आणि आमचा ओव्हन
एकमेकांना विचारत बसतात,
तू जास्त तापलास का मी.

इरण्णा बिराजदार टेम्पोतून चाकं उतरवतो.
ड्रमवर निळी झाक, कडेला मधासारखी पिवळी,
मोराच्या मानेचा रंग लोखंडाला आलेला.
"नळदुर्गाच्या घाटात बे,
मागं चादरींचे गठ्ठे, पुढं वळण,
अन् पेडल नुसतं खाली गेलं.
अंधारात पायरी आहे म्हणून पाय टाकावा
आणि पायरीच नसावी, तसं."

ब्रेक ऑइल उकळलं होतं. एवढंच.
आच आली ती परत गेली नाही.

मग थिनरने धुणं. वाळूचा मारा.
त्यानंतर उघड्या हाताने शिवायचं नाही,
घामाचं एक बोट राहिलं
तरी महिन्याने तिथूनच पोपडा सुटतो.
कॅलिपरच्या पिस्टनकडे पांढरट लेप,
तो म्हणतो, आत येऊ नको.
ड्रमच्या पाठीवर काळा,
तो म्हणतो, आलीस ना, आता निघ.
पंचवीस मायक्रॉन. मीटर टेकवून तीनदा बघतो,
केसाच्या निम्म्याहून कमी जाडीवर
इरण्णाच्या घरची पाच माणसं.

आणि जिथं लायनर घासतो तिथं टेप.
तिथं काही लावायचं नसतं.

संध्याकाळी नायना आले, सायकल टेकवून.
चाळीस वर्षं सूत रंगवलं त्यांनी,
नखांच्या मुळाशी अजून तपकिरी आहे,
धुऊन जात नाही, त्यांनी धुवायचं सोडलंय.
"चाकाच्या आत रंग? बघणार कोण?"
बघायचा नाही नायना, हा आच हलवायचा रंग.
"मग आच जाते कुठं?"
वाऱ्यात.
"वारा? सोलापुरात? एप्रिलमध्ये?"
याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
मरत नाहीच ती, फक्त वाट बदलते,
ऑइलची सोडून रस्त्याची धरते,
आणि रस्ता आधीच तापलेला.

नायनांनी रुमाल काढला, तांब्यात बुडवला,
निवलेल्या ड्रमवर जोर लावून घासला.
मग उजेडाला धरला, कोपरा न् कोपरा.
डाईहाउसात लाल सुताचा घाण्याचा घाणा
असाच अडवायचे ते, रुमालावर एक छटा दिसली तरी.
रुमाल पांढराच.
"पक्का आहे," म्हणाले.
मला सदतिसाव्या वर्षी मिळालेलं हे सर्टिफिकेट.

टेप सोलली. आत कड्यासारखी लोखंडाची पट्टी,
उघडी, चकचकीत.
"एवढी विसरलास होय?"
नाही. गाडी तीच थांबवते.
त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला,
बराच वेळ, काही बोलले नाहीत.

रात्री साडेअकराला इरण्णाचा फोन.
घाट उतरून चहाच्या टपरीवर.
"चाकाजवळ हात नेला तर भाजतंय बे, आधीपेक्षा जास्त!
बिघडवलंस काय?"
भाजू दे, म्हटलं. बाहेर येतेय म्हणजे आत नाही.
पेडल?
थोडा वेळ नुसता ट्रकांचा आवाज.
"पेडल वर आहे."
आणि मग, कपात फुंकर मारत,
"पैसे सोमवारी देतो."