शेषपाताला

मोहरीचं तेल विट्यात मिळतं,
पण मालिशच्या बाटल्यांशेजारी.
दुकानदार विचारतो, "गुडघं धरल्यात का वयनी?"
मी व्हय म्हणते.
चटणीला पायजे म्हटलं तर अर्धा तास जायचा.

टोमॅटो बाजार उठतानाचे,
ढीग वीस रुपये, थोडे पिचलेले.
तेच लागतात.

तेलाला धूर आला की गॅस बारीक.
सुकी मिरची, मग पाच दाणे :
मेथी, कलौंजी, जिरं, बडीशेप,
पाचवा रांधुनी म्हणून असतो, तो इकडं नाही.
त्याच्या जागी मोहरी घालते.
एकोणीस वर्षं बऊबाजारच्या गल्लीत
मीही अशीच खपून गेले.

झरनादी म्हणायची पाचफोडन.
फोडन म्हणजे फोडणीच की, मी म्हटलं,
ती हसली,
तेवढ्यावर ओळख झाली.
तिचा जिना आणि आमची भट्टी, मध्ये एक भिंत.
खाली हे सोनं गाळायचे,
वर ती गूळ वितळवायची.
एका घटकेला दोन्हींचा रंग सारखा होत असणार,
कुणी शेजारी ठेवून बघितला नाही.

ॲसिडच्या धुरानं ह्यांचं नाक गेलं.
आधी उदबत्ती, मग रॉकेल,
मग एकदा दूध करपून पातेलं काळं झालं
आणि हे शेजारी बसून पेपर वाचत होते.
दुकान विकलं. इथं बंगला बांधला.
दारावर नाव दुकानाचंच.

टोमॅटो पडले की मीठ, हळद, झाकण.
साली सुटून गुंडाळतात, त्या मी काढत नाही.
झरनादी काढायची.
तिला वेळ होता, मला तीन पोरं.
आल्याचा कीस. गूळ कराडकडचा,
खजुराचा इथं कुठनं आणू.
आंबापोळीचे तुकडे, चार खजूर,
आणि तासगावचा बेदाणा.
तिथंही तासगावचाच असायचा,
मीच न्यायची, ट्रंकेत, साड्यांच्या घडीत,
आणि दर खेपेला एक चावून ती म्हणायची,
तुमच्या गावाला ऊन बरंच दिसतंय.

इथं पहिल्यांदा केली तेव्हा
जाऊबाई भाकरीबरोबरच वाढून मोकळ्या.
"चटणी न्हवं? मग डावीकडं."
मी म्हटलं, ही शेवटाला असते. भात झाल्यावर, पापडासंगं.
"प्वाट भरल्यावर जिभंला काय करायचंय?"
मला उत्तर आलं नाही.

आज हे ओट्याशी स्टूल ओढून बसलेले.
दाणे टाकले आणि नातवाचा फोन आला,
मी पाठ करून बोलत राहिले.
"उतरीव," हे म्हणाले, "मेथी गेली."
बघते तर खरंच काळी.
"वास आला तुम्हाला?"
"वास कुठला.
मोहरी उडती, जिरं फुसफुसतं,
मेथी तेवढी गप असती.
ती जास्तच गप झाली."

ती फोडणी टाकून दिली.
दुसरी केली, फोन लांब ठेवून.
शेवटी जिरं-बडीशेप भाजून भरडलेलं,
वरनं चिमूटभर.

जेवणं झाली. पानं पुसली गेली.
तेव्हा वाढली.
ह्यांनी पापडाचा तुकडा बुडवला,
जिभेवर ठेवला, डोळे मिटले,
मोजल्यासारखं म्हणाले,
आंबट हाय. गोड हाय. मिरची मागनं येती.
बेदाणा चांगला फुगलाय.
थांबले.
वासाचं तू सांग.

मी वाटी नाकाशी नेली.
मेथीचा नाही, गुळाचा नाही.
जिन्याचा येतोय, म्हटलं.
दुपारचा.
वरचं दार उघडं असल्यासारखा.